कांदा चाळ : सेन्सर दारात टांगू नका, ढिगाच्या पोटात घाला

2025 मध्ये मॉन्सून 26 मे रोजीच मुंबईत धडकला होता. म्हणजे कांदा साठवायची चाळ भरून झाली की जून उजाडेपर्यंत वेळ आहे, असं धरून चालू नका. आतलं तापमान मोजायचा सेन्सर बसवायचा असेल तर चाळ भरतानाच. नंतर आत काही घालता येत नाही.

निफाड, चांदवड, कळवणकडे घरी जोडलेले सेन्सर बऱ्याच चाळींत दिसू लागलेत, पण बहुतेक ठिकाणी ते दाराजवळ खिळ्याला लटकलेले. मोबाइलवर 31 अंश दिसतात, मालक निवांत. आत मधोमध कांदा तापून पाणी सोडत असतो. दारात वास येईपर्यंत खालचा थर गेलेला असतो. माल जातो तो इथंच.

भरण्याआधीची कामं :
- माना 2 ते 2.5 सेंमी ठेवून कापणे
- सावलीत 10-12 दिवस सुकवणे
- जोड (जुळे कांदे), डेंगळे (फुलाचा दांडा आलेले), चिंगळी (अगदी बारीक) वेगळी
- ढीग 4 ते 5 फूट, त्याहून उंच नाही

आता मुद्द्याचं. अर्धा इंची पीव्हीसी पाइपला ड्रिलनं भोकं पाडा. ढीग दोन फूट झाला की पाइप आडवा ठेवा, बाहेरचं तोंड किंचित खाली, आणि वरून कांदा भरा. वायरवालं वॉटरप्रूफ डीएस18बी20 (तापमान मोजायचा प्रोब) त्यातून मध्यापर्यंत सरकवा. खराब झालं तर ओढून बदलता येतं. एका ईएसपी32 बोर्डाला (प्रोग्राम घालता येणारा छोटा वायफाय बोर्ड) असे बरेच प्रोब एकाच वायरवर चालतात, 4.7 किलोओमचा एक रेझिस्टर मात्र विसरू नका. दर दहा फुटांना एक पुरे.

आर्द्रतेला डीएचटी11 घेऊ नका. स्वस्त आहे, पण पावसाळ्यात त्याच्या आकड्यात काही दम नसतो. एसएचटी31 घ्या आणि घरीच तपासा : बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, चिखलासारखं होईल इतकंच पाणी घाला, सेन्सरसोबत बंद बरणीत रात्रभर ठेवा. सकाळी 75 टक्क्यांच्या आसपास दिसलं पाहिजे. दुकानदार 'सड ओळखणारा' गॅस सेन्सर महागात गळ्यात मारतात. नाक फुकट आहे, रोज सकाळी चाळीला एक फेरी मारा.

राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयाची शिफारस 25 ते 30 अंश आणि 65 ते 70 टक्के आर्द्रतेची. आपल्या साध्या चाळीत मे महिन्यात ते जमत नाही, म्हणून नुसत्या आकड्यामागे लागू नका. फरक बघा. माझा अंदाज असा, की पहाटे ढिगाचं पोट बाहेरच्या हवेपेक्षा चार अंशांनी गरम राहिलं आणि दुसऱ्या दिवशीही तसंच दिसलं, तर त्या बाजूची पट्टी काढून माल बघायचा. शास्त्र काय म्हणतं ते म्हणो, भाव बघत थांबायचं नाही. सडका वेचून उरलेला आधी बाजारात.

पंखा टायमरवर लावू नका. बाहेर 85 टक्क्यांच्या वर दमट असेल तर रिले (बोर्डावरून पंखा चालू-बंद करणारा स्विच) बंदच राहील असं प्रोग्राममध्ये घाला, नाहीतर रात्रभर ओल आत ओढली जाते. पावसाच्या बाजूची ताडपत्री सोडा, उघडीप होताच गुंडाळा.

चाळीपर्यंत वायफाय पोचत नसेल तर साधा बझर लावा. लोडशेडिंगसाठी बॅटरी हवीच. स्क्रीनवर उणे 127 दिसलं तर वायर तुटली समजा, बहुतेक उंदराचं काम. एकदम 85 अंश दिसले तर घाबरून ढीग उपसू नका. प्रोबनं तापमान मोजलेलंच नसतं, सप्लाय आणि जोड बघा. हे दोन्ही आकडे प्रोग्राममध्ये वगळा आणि त्यांच्यासाठी बझर वेगळ्या तऱ्हेनं वाजेल असं करा.