रॉक क्रॉलर नवा घेतलाय? मोटर सगळ्यात शेवटी

रेडी-टू-रन, म्हणजे जोडून तयार मिळणारा क्रॉलर (दगडांवर चढणारी रिमोटची छोटी गाडी) घेतला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, मोटर कुठली टाकू? माझ्या भाच्याने तर खोकं उघडायच्या आधीच विचारलं, "आत्या, ब्रशलेस मोटर बसवू या ना." मी म्हटलं, बाळा, दगडावर गाडी अडते ती ताकद कमी पडते म्हणून क्वचितच. चाक घसरतं, नाही तर गाडी कलंडते, नाही तर पुढची चाकं हवी तिकडे वळत नाहीत. यातल्या एकाही दुखण्यावर मोटर हे औषध नाही.

मी दिवसभर खऱ्या गाड्यांच्या अलाइनमेंट आणि बॅलन्सिंगच्या मशीनवर असते, त्यामुळे माझी नजर आधी चाकाकडेच जाते हे कबूल. पण क्रॉलरला ती सवय फार उपयोगी पडते. खाली लिहिलंय ते १/१० स्केलच्या (खऱ्या गाडीच्या एक दशांश मापाच्या), १.९ इंची चाकांच्या गाड्यांसाठी, म्हणजे ॲक्सिअलची एससीएक्स१०, ट्रॅक्ससची टीआरएक्स-४ आणि त्यांच्या जातकुळीतल्या. १/१८ आणि १/२४ च्या पिटुकल्या गाड्यांना तत्त्व तेच, पण वजनाचे आकडे त्यांना लावू नका.

आधी मोजा

पार्ट मागवायच्या आधी एक संध्याकाळ मोजमापात घालवा. एक फळी घ्या, तिच्यावर खरखरीत पॉलिश पेपर चिकटवा, म्हणजे चाक सरकणार नाही. गाडी बॅटरी आणि बॉडीसकट फळीवर आडवी ठेवा आणि फळीची एक कड सावकाश उचलत जा. वरच्या बाजूची चाकं फळी सोडतात, त्या क्षणी थांबा. मोबाइलच्या लेव्हल ॲपवर कोन वाचा, वहीत लिहा. मग गाडी उलट्या तोंडाने ठेवून दुसऱ्या बाजूचा कोन घ्या. दोन्ही आकड्यांत बराच फरक आला, तर बॅटरी किंवा दुसरं काहीतरी जड एका अंगाला बसलंय असं समजा. चढाचाही कोन घ्या, गाडीचं तोंड वर करून. पुढची चाकं कधी उचलली जातात ते बघायचं.

दुसरं साधन स्वयंपाकघरातला वजनकाटा. पुढची दोन चाकं काट्यावर आणि मागची तेवढ्याच उंचीच्या पुस्तकांवर. गाडी सपाट उभी राहिली पाहिजे, नाही तर आकडा खोटा येतो. मग मागचं वजन तसंच. चढावर सगळा भार आपसूक मागे जातो, म्हणून सपाटीवर तो पुढे जास्त असावा लागतो. एकूण वजनाच्या ५५ ते ६० टक्के पुढच्या चाकांवर आले की गाडी चढाला सरळ वागते.

हे आकडे हाताशी असले की पुढचं सगळं सोपं. एका वेळी एकच बदल करा, त्याच दगडावर त्याच वाटेने गाडी न्या, फळीवर पुन्हा मोजा. चार पार्ट एकदम बसवले तर कशाने फरक पडला ते कधीच कळणार नाही, आणि बिघडलं तर कशाने बिघडलं तेही नाही.

स्क्रू

कंपनीतून आलेल्या गाडीचे स्क्रू एकदा स्वतः तपासा. १.५, २ आणि २.५ मिमीचे चांगल्या पोलादाचे हेक्स ड्रायव्हर आणि चाकाच्या नटासाठी ७ मिमीचा नट ड्रायव्हर, एवढ्यावर बहुतेक काम भागतं. गाडीबरोबर येणारी वाकडी ॲलन की खोक्यातच राहू द्या, ती स्क्रूची डोकी खाते. धातूत जाणाऱ्या स्क्रूला निळं थ्रेडलॉक (स्क्रू आपसूक सुटू नये म्हणून लावायचं द्रव) लावा, थेंबभर. मोटर माउंट आणि ड्राइव्हशाफ्टचे ग्रब स्क्रू (बिनडोक्याचे छोटे स्क्रू) तर आधी, कारण सुटतात तेच. प्लॅस्टिकमध्ये जाणाऱ्या स्क्रूला मात्र थ्रेडलॉक लावायचं नाही, त्याने काही प्लॅस्टिकं तडकतात.

वजन खाली, वजन पुढे

पहिलं अपग्रेड फुकटचं. बॅटरी पुढे सरकवता येते का बघा. बऱ्याच गाड्यांत ट्रे मागे किंवा उंचावर असतो. तो पुढच्या ॲक्सलच्या जवळ आणि शक्य तितका खाली आणला, की फळीवरचा आकडा लगेच बदलतो. लांबट मोठ्या पॅकऐवजी आखूड, हलका पॅक घेतला तर जागाही सापडते. क्रॉलर वीज कमी खातो, त्याला मोठ्या बॅटरीची गरज नसते. मग छपरावरचं सामान उतरवा. कॅरियर, जेरीकॅन, लाइटबार दिसायला झकास, पण ते सगळं वजन नेमकं नको तिथे बसलेलं असतं. फोटोसाठी लावा, दगडावर जाताना काढा.

यानंतर वजन वाढवायचं. आमच्या कामात चाक बॅलन्स करायला ५ आणि १० ग्रॅमच्या चिकट पट्ट्या येतात, त्या इथे चपखल बसतात. रिमच्या आतल्या गोलाईवर समान अंतराने चिकटवा. सुरुवातीला पुढच्या प्रत्येक चाकात ५० ग्रॅमच्या आसपास. मागे काही नको. पट्ट्या शिशाच्या असतील तर नंतर हात साबणाने धुवा आणि लहान मुलांच्या हाती त्या देऊ नका.

पितळी पार्टांचं प्रस्थ आहे ते याचसाठी. पितळ ॲल्युमिनियमच्या तिप्पट जड असतं, म्हणून पुढच्या ॲक्सलचे पितळी नकल (चाक ज्यावर वळतं तो सांधा) किंवा डिफ कव्हर (डिफरेन्शियलचं झाकण) बसवले की वजन थेट चाकाच्या उंचीवर येतं. तरी एक भान ठेवा. चाकात टाकलेलं वजन फिरवावं लागतं आणि त्याचा ताण ड्राइव्हशाफ्ट, गिअर आणि बेअरिंगवर येतो. ॲक्सलवरचं वजन फिरत नाही. शिवाय पुढचा भार वाढला की सर्व्होला (पुढची चाकं वळवणाऱ्या छोट्या मोटरला) चाकं वळवणं जड जातं. म्हणून थोडं घालायचं, मोजायचं, पुन्हा थोडं.

टायर

एकाच पार्टचे पैसे हातात असतील तर ते टायरवर खर्च करा. रेडी-टू-रन गाडीचे टायर बरेचदा टिकावेत म्हणून टणक रबराचे असतात. मऊ रबर दगडाला धरतं आणि लवकर झिजतं, दोन्ही खरं. नवा टायर घेताना अंगठ्याने नक्षीचा ठोकळा दाबून बघा. तो सहज वाकला आणि लगेच मूळ जागी आला तर ठीक.

आतला फोम टायरइतकाच महत्त्वाचा आणि त्याच्याकडे कुणी बघत नाही. गाडी उभी असताना टायरचा तळ किंचित पसरला पाहिजे. पण आडव्या उतारावर टायर रिमखाली दुमडता कामा नये. दोन थरांचा फोम, आतला घट्ट आणि बाहेरचा मऊ, हे दोन्ही साधतो. पण आधी जुन्याच फोमवर प्रयोग करा. चाकाच्या मधोमध येणाऱ्या फोममधून कात्रीने त्रिकोणी खाचा काढल्या की तो मऊ होतो, आणि जमलं नाही तरी नुकसान काही नाही.

जुने टायर रिमला चिकटवलेले असू शकतात. उकळत्या पाण्यात चाक ठेवलं की गोंद ढिला पडतो, मग जाड हातमोजे घालून टायर सोलून काढता येतो. ॲसिटोनच्या वाटेला जाऊ नका, ते कित्येक प्लॅस्टिकं विरघळवतं. सोपा उपाय म्हणजे बीडलॉक रिम. त्यात टायर कड्यांमध्ये स्क्रूने आवळला जातो, गोंद लागतच नाही. स्क्रू समोरासमोरचे आळीपाळीने आवळा, खऱ्या चाकाचे नट आवळतो तसे, म्हणजे कडं वाकडं बसत नाही. रिम १२ मिमी हेक्सचीच (ॲक्सलच्या टोकाच्या षटकोनी तुकड्यावर बसणारी) आहे ना, हे घेण्याआधी बघा. उंच टायर घेताय तर चाक पूर्ण वळवून आणि एक कोपरा दाबून बॉडीला घासतंय का तपासा. उंच टायरने गाडीचं गिअरिंगही लांबतं, म्हणजे मोटरवर बोजा येतो.

सर्व्हो आणि त्याची भूक

दोन दगडांच्या खाचेत पुढचं चाक अडकलंय, स्टिअरिंग पूर्ण फिरवलंय आणि चाक जागचं हलत नाही. हे दिसलं की मूळ सर्व्होचा निरोप घ्यायची वेळ झाली. धातूच्या गिअरचा, निदान २० ते २५ किलो-सेंमी टॉर्कचा (वळवायच्या जोराचा) सर्व्हो घ्या. वेगाकडे बघू नका. सोबत चिमटून आवळता येणारा ॲल्युमिनियमचा हॉर्न (सर्व्होच्या दांड्यावर बसणारा हात) घ्या आणि मूळचा स्प्रिंगवाला सर्व्हो सेव्हर काढून टाका. चाकाला मिळायचा जोर ती स्प्रिंगच गिळते. हॉर्नच्या दात्यांची संख्या सर्व्होशी जुळली पाहिजे, बहुतेकांत २५ असते, काहींत २३.

बसवताना क्रम पाळा. सर्व्हो रिसीव्हरला (रिमोटचा सिग्नल घेणाऱ्या डबीला) जोडा, रिमोट सुरू करा, ट्रिम शून्यावर आणा. सर्व्हो मध्यावर आला की मगच हॉर्न बसवा. नंतर रिमोटवरची दोन्ही टोकांची मर्यादा अशी लावा की चाक पूर्ण वळल्यावर सर्व्हो गुणगुणत राहणार नाही. गुणगुणतोय म्हणजे तो अडथळ्याला ढकलतोय आणि तापतोय.

आता भूक. मोठा सर्व्हो अडला की कित्येक ॲम्पिअर ओढतो. तेवढे द्यायची ऐपत ईएससीच्या (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटच्या) आतल्या बीईसीत (सर्व्हो आणि रिसीव्हरला वीज पुरवणाऱ्या भागात) असेलच असं नाही. लक्षण ओळखू येतं. खाचेत स्टिअरिंग फिरवलं की लाइट मिणमिणतात, गाडी क्षणभर मरते आणि पुन्हा जिवंत होते. लोक रिमोटला शिव्या घालतात. उपाय म्हणजे बाहेरचा बीईसी, थेट बॅटरीवर जोडलेला. तो रिसीव्हरला वीज देणार असेल, तर ईएससीकडून रिसीव्हरला येणाऱ्या तिपेडी वायरमधली लाल वायर प्लगमधून काढून टेपने बंद करा, म्हणजे दोन ठिकाणची वीज एकमेकींवर येणार नाही. जोडण्याआधी बीईसीचे व्होल्ट मल्टिमीटरवर तपासा. सर्व्हो आणि रिसीव्हर या दोघांत ज्याची मर्यादा कमी, तीच धरायची. दोघंही ७.४ चालवून घेतात अशी खात्री नसेल तर ६ व्होल्ट.

शॉक

यात फार वेळ घालवू नका. गाडी उभी असताना शॉक त्यांच्या एकूण प्रवासाच्या साधारण एक तृतीयांश दबलेले असावेत, म्हणजे खड्ड्यात चाक खाली जाऊ शकतं. स्प्रिंग टणक असेल तर मऊ घ्या. फार मऊ केल्यात तर थ्रॉटल देताच चासी एका अंगाला पिळते आणि पुढचं एक चाक हलकं होतं. पोर्टल ॲक्सलच्या गाड्यांत हा पीळ कमी, कारण शेवटचं रिडक्शन चाकापाशी होतं आणि ड्राइव्हशाफ्टवर कमी जोर येतो. तेलात हवेचे बुडबुडे नकोत, एवढं बघा आणि पुढे चला.

बॅटरी

लिपो (लिथियम-पॉलिमर बॅटरी) वापरणार असाल तर ईएससी लिपो मोडवर आहे की नाही ते पहिल्यांदा तपासा. काही ईएससींवर त्यासाठी छोटा जंपर असतो. निकेल-मेटल हायड्राइड (NiMH) बॅटरीच्या मोडवर लिपो चालवली तर ती वेळेवर बंद होत नाही, खोल उतरते आणि खराब होते. एक सेल पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट, आणि चालवताना ३.२ च्या आसपास थांबावं. ठेवून द्यायची तर ३.८ वर. चार्जिंग बॅलन्स मोडवर (सगळे सेल सारखे भरणाऱ्या) आणि तुम्ही समोर असताना.

जे घ्यायचं नाही

रंगीत, चकचकीत ॲल्युमिनियमचा पूर्ण संच मिळतो. मोह होतो, मलाही होतो. पण त्यातले शॉक टॉवर आणि वरचे ब्रॅकेट वजन उंचावर नेतात, फायदा शून्य. पोटाखालची स्किड प्लेट तर प्लॅस्टिकचीच ठेवा. प्लॅस्टिक दगडावरून सरकतं, मऊ ॲल्युमिनियमला चरे पडतात आणि ते अडकतं. खालच्या लिंक (चासी आणि ॲक्सल जोडणाऱ्या दांड्या) मात्र पोलादी घ्यायला हरकत नाही, त्या वाकत नाहीत आणि त्यांचं वजन खालीच राहतं.

आणि आता मोटर

एवढं झाल्यावरही गाडी कमी पडत असेल, तर मोटरआधी पिनियन (मोटरच्या दांड्यावरचा छोटा गिअर) बदला. एक-दोन दात कमी केले की वेग कमी होतो आणि थ्रॉटलवर ताबा येतो. उंच टायर घेतले असतील तर हे करावंच लागेल. पिनियन बसवताना पिनियन आणि स्पर गिअरच्या (पिनियनशी जुळणाऱ्या मोठ्या गिअरच्या) मध्ये साध्या वहीच्या कागदाची पट्टी सरकवा, मोटर तिच्यावर दाबून धरा, स्क्रू आवळा आणि गिअर फिरवून कागद बाहेर काढा. कागदावर दात्यांचे ठसे हवेत, तो फाटलेला नको. मग स्पर पूर्ण एक फेरी फिरवून बघा, कुठे घट्ट लागत असेल तर तिथे सैल करून पुन्हा मिळवा.

ब्रशवाल्या (आत कार्बनच्या ब्रशमधून वीज नेणाऱ्या) मोटरीत टर्नचा (तारेच्या वेढ्यांचा) आकडा जितका मोठा, तितकी ती हळू आणि आज्ञाधारक. एससीएक्स१० च्या दुसऱ्या आवृत्तीबरोबर (एससीएक्स१० II) ३५ टर्नची येते, ती शिकायला उत्तम आहे. टीआरएक्स-४ ची २१ टर्नची ५५० मोटर चपळ आहे. मंद, नाजूक चाल हवी असेल तर ईएससी बदलूनच जास्त फरक पडतो. हॉबीविंगची १०८० ब्रशवाल्या मोटरीसाठीच आहे आणि तिचा ड्रॅग ब्रेक पूर्ण १०० टक्क्यांवर लावता येतो. थ्रॉटल सोडला की गाडी उतारावर जागच्या जागी उभी राहते. ब्रशलेस घ्यायचीच तर सेन्सर असलेली घ्या, बिनसेन्सरची मोटर अगदी कमी वेगाला अडखळते.

नवं गिअरिंग बसवल्यावर पाचेक मिनिटं चढावर चालवा, थांबा आणि मोटरजवळ हात न्या. धग लागली तर बोट टेकवू नका, पिनियनचा अजून एक दात कमी करा.