कमाटी बागेतला एक दिवस: खान्देशातून निघण्याआधीची तयारी

संग्रहालय बघायचं म्हटलं की जळगाव, अमळनेर, नंदुरबारकडची मंडळी मुंबईचा विचार करतात. पण आपल्या तापी खोऱ्याच्या रेल्वेने सुरत गाठून थोडं पुढे गेलं की बडोदा येतं, आणि स्टेशनाजवळच सयाजी बाग आहे. रिक्षावाल्याला ‘कमाटी बाग’ सांगा. महाराजा सयाजीराव गायकवाडांनी १८७९ साली विश्वामित्रीच्या काठी वसवलेली ही बाग शंभर एकरांहून मोठी आहे. संग्रहालय, चित्रसंग्रह, तारांगण आणि प्राणिसंग्रहालय, सगळं एकाच आवारात. म्हणूनच घरून ठरवून निघायला हवं.

सगळ्यात आधी तारीख. संग्रहालय गुजरात सरकारचं आहे, तारांगण आणि प्राणिसंग्रहालय महापालिकेचं. दोघांच्या सुट्ट्या एकाच दिवशी असतील असं धरून चालू नका, दोन्हीकडे फोन करून विचारा. गुजरातचे सण आपल्या कॅलेंडरवर ठळक नसतात, त्यामुळे उत्तरायण (म्हणजे आपली संक्रांत) आणि दिवाळीनंतरचं त्यांचं नवं वर्ष टाळा. पावसाळ्यात जाऊ नका. विश्वामित्रीला पूर आला की बागेच्या भागात पाणी शिरतं, ऑगस्ट २०२४ मध्ये तर निम्मं शहर पाण्यात होतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस उत्तम.

मग तिकिटं. भुसावळ, जळगावकडून अहमदाबादला जाणाऱ्या नवजीवनसारख्या गाड्या बडोद्याला थांबतात. सकाळी पोहोचवणारी गाडी निवडा आणि परतीचं तिकीट कन्फर्म असल्याशिवाय दिवस ठरवू नका. मुलं आणि म्हातारी माणसं सोबत असताना वेटिंगवर रात्र काढणं नको. धुळ्याहून साक्री, नवापूरमार्गे रस्त्याने येणार असाल तर आदल्या रात्री सुरतेत किंवा बडोद्यात मुक्काम करा. पहाटे निघून थेट संग्रहालयात शिरलं तर डोळे मिटायला लागतात.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची तयारी, आणि तिला पैसा लागत नाही. निघण्याआधी एक-दोन संध्याकाळी मुलांना सयाजीरावांची गोष्ट सांगा. १८६३ साली मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्यात, म्हणजे धुळ्यापासून अगदी जवळ, शेतकरी घरात जन्मलेला मुलगा १८७५ मध्ये दत्तक जाऊन बडोद्याच्या गादीवर बसला. पुढे त्याने १९०६ साली सबंध संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. हा माणूस आपल्याच शेजारचा होता हे कळलेलं मूल त्या इमारतीत वेगळ्या नजरेने शिरतं.

काय बघायचं तेही घरीच ठरवा. सगळं बघू म्हणणारा शेवटी काहीच बघत नाही. मुलांसाठी इजिप्तची ममी आणि निळ्या देवमाशाचा ७० फुटांहून लांब सांगाडा, एवढं पुरे. मोठ्यांनी मात्र अकोट्याची धातुशिल्पं चुकवू नयेत. बडोद्याच्याच अकोटा भागात सापडलेल्या या जैन मूर्तींपैकी जीवंतस्वामींची, म्हणजे संन्यासाआधीच्या राजपुत्र महावीरांची, मुकुट आणि दागिने ल्यायलेली, सुमारे सहाव्या शतकातली मूर्ती समोर आली की तिथून पाय निघत नाही. तिच्यासाठी अर्धा तास राखून ठेवा, बाकीची दालनं भराभर झाली तरी चालेल. चित्रसंग्रहाची इमारत १९१४ मध्ये तयार झाली, पण पहिल्या महायुद्धामुळे युरोपातून चित्रं यायला उशीर झाला आणि ती १९२१ साली उघडली. एवढं ठाऊक असलं तरी त्या भिंतींकडे बघण्यात फरक पडतो.

पिशवी हलकी ठेवा. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लोणचं आणि दोन-चार केळी, जेवणाची सोय झाली. खाणं मात्र बागेतच, संग्रहालयात नाही. पाण्याच्या बाटल्या, टोपी, ओळखपत्र, तिकिटांसाठी सुट्टे पैसे आणि फोनची पॉवर बँक घ्या. पाट्या वाचायला लागतो तो चष्मा आजी-आजोबांच्या खिशात आहे ना, हे घरातून निघतानाच बघा. मुलांना एक वही आणि पेन्सिल द्या. फोटो काढायला परवानगी आणि वेगळं तिकीट लागतं का, ते खिडकीवरच विचारा. काढलेलं चित्र मुलांच्या लक्षात जास्त राहतं, तेव्हा फोटो नाही मिळाले तरी हळहळू नका. पायात जुनी, सवयीची चप्पल किंवा बूट हवेत, कारण दिवसभर चालणं आहे. आजींचे गुडघे दुखत असतील तर जिने किती आहेत आणि व्हीलचेअर मिळते का, हेही त्याच फोनवर विचारून घ्या.

दिवसाचा क्रम साधा ठेवा: दार उघडताच संग्रहालय, दुपारी झाडाखाली जेवण आणि थोडी झोप, उन्हं उतरली की प्राणिसंग्रहालय किंवा फुलांचं घड्याळ, शेवटी तारांगण. तारांगणाचे खेळ कोणत्या भाषेत किती वाजता असतात ते सकाळी आत शिरतानाच विचारा, त्यावर संध्याकाळ बेतता येते. नदीकडे मुलांना एकटं सोडू नका, विश्वामित्रीत शहराच्या मधोमध मगरी राहतात. स्टेशन जवळ असलं तरी गाडीच्या तासभर आधी बागेबाहेर पडा, संध्याकाळी बाहेरच्या रस्त्यावर गर्दी फार असते.