नांदूरमध्यमेश्वरला सोसायटीची सहल नेताय? या चुका टाळा

थंडी पडली की फोन सुरू होतात. "पक्षी दाखवायला नेता का? आम्ही पस्तीस जण आहोत." मी हो म्हणतो आणि दर वेळी तेच ते बघून घरी येतो.

पहिली चूक म्हणजे मिसळ. नाशिकहून अभयारण्य चाळीसेक किलोमीटर, पण "वाटेत मिसळ खाऊन जाऊ" असं कुणीतरी म्हणतंच. मग कुणाला तर्री जास्त, कुणाला पाव परत, आणि अभयारण्याजवळच्या चापडगावला पोचेस्तोवर साडेदहा. तेव्हा पाण्यावरची हवा तापून थरथरत असते, लांबचं बदक हलत्या काचेतून बघावं तसं दिसतं. वर "तुमच्या दुर्बिणीला फोकसच लागत नाही" हे ऐकायचं! दुर्बीण ठणठणीत आहे हो. उजाडताना पक्षी बघायच्या मनोऱ्यावर हजर व्हायचं, मिसळ परतताना खायची. मी तर हल्ली बस सुटायची वेळच अर्धा तास अलीकडची सांगतो.

दुसरी चूक टाळीची, आणि हिच्यापुढे माझा संयम संपतो. एका जानेवारीत मनोऱ्यासमोर पन्नासेक थापट्या बदकं गोल फिरत होती. फावड्यासारख्या चोची पाण्याला लावून एकामागे एक, जात्यासारखी. पुढच्याच्या पायांनी ढवळून वर आलेलं मागचा गाळून खातो. स्कोपपाशी, म्हणजे तिपाईवरच्या मोठ्या दुर्बिणीपाशी, पोरांची रांग लागली होती. एवढ्यात नवी लांब लेन्स घेऊन आलेल्या एका काकांना "उडतानाचा" फोटो हवासा वाटला. त्यांनी टाळी वाजवली. थापटे उठले, त्यांच्या पाठोपाठ तलवार बदकं उठली, वारकरी नावाचे काळे पाणपक्षी पाण्यावरून पळत सुटले. अर्ध्या मिनिटात समोर नुसतं पाणी. रांगेत शेवटी थांबलेल्या मुलीने स्कोपला डोळा लावला आणि विचारलं, "कुठंयत?" काकांच्या फोटोत काय, तर धुरकट ठिपके.

हिमालयापलीकडून आलेल्या पाखराला परतीसाठी अंगावर चरबी धरायची असते. त्याला विनाकारण उडवणं म्हणजे जेवत्या माणसाला पानावरून उठवणं. उडतानाचा फोटो हवाच असेल तर दलदलीवरचा शिकारी पक्षी भोवत्या येईपर्यंत थांबा. वारकरी एकदम गोळा होऊन दाटीवाटीने पोहायला लागले की वर बघायचं, तो आलेला असतो. माझ्या गटात आता पहिली दहा मिनिटं कॅमेरा पिशवीतच राहतो. त्या वेळात फक्त वारकरी मोजायचे. कपाळावर पांढरा टिळा असलेलं काळं पाखरू, चुकायचा प्रश्नच नाही. कुरकुर होते, होऊ दे.

काठाच्या चिखलात उतरू नका. गोदावरी-कादवा संगमावरचा हा बंधारा शंभर वर्षांहून जुना आहे, आणि त्यात साठलेल्या गाळामुळेच इथे पाणी उथळ आहे, पक्षी आहेत, २०२० मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, महाराष्ट्रातून पहिलं नाव याचं लागलं. तुमचा बूटही त्याच गाळात राहील.

दुर्बिणीत दोन गोल दिसतात? मधून वाकवून डोळ्यांच्या अंतराला जुळवा. चष्मा असेल तर डोळ्यांकडचे रबरी कप दुमडा. पक्ष्यावरची नजर न काढता दुर्बीण डोळ्यांपाशी आणा, डोकं खाली घालून शोधत बसू नका. आणि नवशिक्याने आठ बाय बेचाळीसच घ्यावी, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, बेचाळीस मिलिमीटर भिंगाची. मोठी घेऊन हात थरथरवण्यात काय मिळतं?

पांढरे टी-शर्ट नकोत. मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज वाजवणं तर अजिबात नको. बदकांना पाव घालायला हे उद्यान नाही.

"रोहित कुठंय?" म्हणजे फ्लेमिंगो कुठंय, हा प्रश्न बसमधून उतरता उतरता येतो. कधी असतात, कधी नसतात. गावातल्या गाइड पोरांना आदल्या दिवशी फोन करून विचारावं, ते खरं सांगतात. मागच्या खेपेला रोहित नव्हते, तर एकाने मला बसचे पैसे परत मागितले. त्याच्या मागे बेशरमाच्या झुडपापाशी लाल चोचीची जांभळी पाणकोंबडी एका पायात देठ धरून सोलून खात होती. तो वळलाच नाही.