जीवशास्त्रात एम.एस्सी. ते पीएच.डी.: नाशिकमध्ये राहून पैशांची सोय कशी लावावी

आधी पीएच.डी.चा प्रवेश, मग फेलोशिप (संशोधनासाठी दरमहा मिळणारी रक्कम), असा क्रम बरेच विद्यार्थी धरतात. जीवशास्त्रात तो महागात पडतो. कल्चर (प्रयोगशाळेत वाढवलेले जीवाणू किंवा पेशी) रविवारीही सांभाळावं लागतं, क्षेत्रातले नमुने हंगामातच मिळतात, त्यामुळे सोबत नोकरी करणं जवळपास अशक्य. शिवाय २०२२च्या यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) नियमांनुसार एका वेळी प्राध्यापकाकडे ८, सहयोगी प्राध्यापकाकडे ६ आणि सहायक प्राध्यापकाकडे ४ च विद्यार्थी असू शकतात. मोजक्या जागा असल्या की स्वतःची फेलोशिप घेऊन येणाऱ्याला गाईड लवकर होकार देतात. म्हणून तयारी एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षापासूनच सुरू करा.

पहिली पायरी: एम.एस्सी.चा खर्च

केटीएचएम असो, एचपीटी-आरवायके असो की बिटको, नाशिकच्या कोणत्याही कॉलेजात प्रवेश पक्का होताच महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज भरा. अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी, विजाभज (विमुक्त जाती व भटक्या जमाती) यांच्या योजना तिथेच आहेत. खुल्या गटासाठी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे, तिची उत्पन्नमर्यादा वर्षाला ८ लाख. पदवीला चांगले गुण असतील तर नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवरची यूजीसीची पदव्युत्तर शिष्यवृत्तीही पाहा: दरमहा १५,००० रुपये, वर्षातले दहा महिने. तिचा नवा अर्ज पहिल्या वर्षातच करता येतो. दुसऱ्या वर्षी जाग आली तर उपयोग नाही.

सुरगाणा, पेठ, कळवणहून आलेल्यांना फीपेक्षा खोलीभाडं आणि मेस जड जाते. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या व नवबौद्ध विद्यार्थ्यांना स्वाधार योजनेतून नाशिकसारख्या शहरात वर्षाला ५१,००० रुपये मिळतात. त्याची चौकशी समाजकल्याणच्या सहायक आयुक्त कार्यालयात करावी. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी याच धर्तीची स्वयं योजना आहे, ती आदिवासी विकास विभागाकडे. ओबीसींसाठी सावित्रीबाई फुले आधार योजना आहे.

दुसरी पायरी: परीक्षा

सीएसआयआर (केंद्राची वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद) आणि यूजीसी यांची नेट ही फेलोशिपची राष्ट्रीय परीक्षा. तिचा लाइफ सायन्सेसचा पेपर वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, मायक्रोबायोलॉजी, बायोटेक्नॉलॉजी सगळ्यांना एकच. गुण २००, वेळ तीन तास. भाग अ मध्ये २० पैकी १५ प्रश्न, भाग ब मध्ये ५० पैकी ३५, प्रत्येकी २ गुण. भाग क मध्ये ७५ पैकी फक्त २५ सोडवायचे, पण प्रत्येकी ४ गुणांचे, म्हणजे निम्मे गुण तिथे. चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाचे पाव गुण जातात. अभ्यासक्रमात १३ घटक आहेत. ते सगळे वरवर वाचणारा विद्यार्थी क भागात अडकतो, कारण तिथे प्रयोगाची आकडेवारी देऊन निष्कर्ष विचारतात. सहा-सात घटक मुळापासून करा, उरलेले ब भागापुरते. अ भागातलं गणित-तर्क तर फुकटचे गुण आहेत, ते सोडू नका.

या परीक्षेतून जेआरएफ (ज्युनियर रिसर्च फेलोशिप) मिळाली तर १ जानेवारी २०२३पासूनच्या दराने पहिली दोन वर्षं दरमहा ३७,००० रुपये, पुढे एसआरएफ (सीनियर रिसर्च फेलोशिप) म्हणून ४२,०००, शिवाय घरभाडे भत्ता. हीच एक परीक्षा धरून बसू नका. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची (डीबीटी) बीईटी परीक्षा, वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) जेआरएफ, पुण्यातल्या-बंगळुरूतल्या संस्थांसाठी जेजीईईबीआयएलएस ही प्रवेश परीक्षा, यांचे अर्ज वेगळे, तारखाही वेगळ्या.

जेआरएफ हुकली तरी फेलोशिप देणाऱ्या राज्याच्या संस्था आहेत: अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबींसाठी सारथी, ओबीसी, विजाभज व विमाप्रसाठी (विशेष मागास प्रवर्ग) महाज्योती, अनुसूचित जमातींसाठी टीआरटीआय. इथे मात्र पीएच.डी.ची नोंदणी आधी लागते, आणि जाहिरात कधी निघेल याचा भरवसा नसतो. आईवडिलांचं एकुलतं अपत्य असलेल्या आणि पूर्णवेळ पीएच.डी. करणाऱ्या मुलींसाठी यूजीसीची सावित्रीबाई जोतीराव फुले फेलोशिप आहे. ती अनेकींना माहीतच नसते, हे फार वाईट वाटतं.

तिसरी पायरी: कागद

सर्वात जास्त अर्ज इथे बाद होतात. महाराष्ट्राचा नॉन-क्रीमीलेअर दाखला केंद्राच्या परीक्षेला चालत नाही. केंद्राच्या नमुन्यातला ओबीसी दाखला वेगळा काढावा लागतो, आणि तुमची जात केंद्राच्या यादीत आहे का हे आधी तपासावं लागतं. ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) दाखला एका आर्थिक वर्षापुरताच चालतो. मार्च उलटला की लगेच सेतू केंद्रात अर्ज टाका, परीक्षेचा फॉर्म निघायची वाट पाहू नका. जातपडताळणीला महिनोन्महिने जाऊ शकतात.

दुसरी अडचण बँकेची. आधारवर येणारी रक्कम ज्या खात्याचं आधार सीडिंग (आधारशी जोडणी) सर्वात शेवटी झालं त्यात जाते. मध्येच नवीन खातं उघडलं की पैसे भलतीकडे जमा होतात आणि विद्यार्थी कार्यालयात फेऱ्या मारत राहतो. खातं कोणतं जोडलेलं आहे ते बँकेत विचारून घ्या.

चौथी पायरी: रुजू झाल्यावर

अवॉर्ड लेटरची (फेलोशिप मंजुरीचं पत्र) मुदत आणि रुजू अहवालाची तारीख जुळवून घ्या. यूजीसीची फेलोशिप असेल तर दर महिन्याला तुमची उपस्थिती पोर्टलवर आधी एक जण भरतो आणि दुसरा मंजूर करतो. यातला कुणी रजेवर गेला की त्या महिन्याचे पैसे अडकतात. ही दोन माणसं कोण, हे पहिल्याच आठवड्यात विचारा. घरभाडे भत्ता शहराच्या वर्गावर ठरतो: नाशिक वाय वर्गात, पुणे एक्समध्ये. संस्थेच्या वसतिगृहात राहिलात तर तो मिळत नाही. दोन फेलोशिप एकाच वेळी घेता येत नाहीत. राज्याची चालू असताना जेआरएफ लागली तर आधी तिथे लेखी राजीनामा द्या, नाहीतर पुढे वसुली निघते.

एसआरएफ आपोआप होत नाही. दोन वर्षं पूर्ण होण्याच्या तीन महिने आधी गाईडला काम तपासणाऱ्या समितीची आठवण करून द्या, कारण त्यात बाहेरचा तज्ज्ञ लागतो आणि त्यांची तारीख मिळणं सोपं नसतं. कंटिन्जन्सीची (संशोधनाच्या किरकोळ खर्चाची) रक्कम, सीएसआयआरमध्ये वर्षाला २०,००० रुपये, संस्थेकडे येते. प्रायमर, किट, क्षेत्रभेटीचा प्रवास यांची पक्की बिलं फाईलला लावत जा आणि फेब्रुवारीतच लेखा विभागात द्या. मार्चअखेरीस तिथे ढीग लागलेला असतो.