पार्ट देणाऱ्यालाच असेंब्ली द्यावी का? आधी हा हिशोब करा

असेंब्ली, म्हणजे सुटे पार्ट जोडून नग तयार करायचे काम, बाहेर द्यायचा विषय निघाला की पहिली तुलना होते ती मजुरीच्या दराची. पण स्क्रू, वायर आणि प्लास्टिकच्या डब्यांच्या कामात खरा पैसा जातो तो मालाची हाताळणी, रिजेक्शन आणि ‘चूक कोणाची’ या वादात. मजुरी सगळ्यात शेवटी बघा.

आधी तुमच्याकडे नगाला किती वेळ लागतो ते मोजा, आणि सगळ्यात चपळ माणसाचा वेळ धरू नका. दोन वेगवेगळ्या कामगारांकडून सलग 30 नग जोडून घ्या, पहिले 5 सोडा, बाकीच्यांची सरासरी काढा. नगाला 4 मिनिटे लागत असतील तर 480 मिनिटांच्या पाळीत कागदावर 120 नग दिसतात. जेवण, चहा, पार्टची वाट बघणे आणि रिवर्क (बिघडलेला नग पुन्हा दुरुस्त करणे) वजा जाऊन 85 टक्के वेळ हाती लागला, तर निघतात 102. यात आवक तपासणी, खोकी फोडणे, मोजणे, स्टोअरमधून माल काढणे हा वेळही मिळवा. असेंब्ली सप्लायरकडे गेली की त्याच्या स्वतःच्या पार्टपुरते हे काम जवळजवळ संपते. वाहतूक मात्र उलटी जाऊ शकते: सुटी झाकणे आणि तळ एकात एक रचून येतात, जोडलेला डबा मात्र पोटात हवा घेऊन येतो.

काम कोणाला द्यायचे? सगळ्यात जास्त पार्ट देणाऱ्यालाच द्यावे असे नाही. ज्याच्या पार्टपाशी असेंब्ली वारंवार अडते, तोच योग्य उमेदवार. एबीएस प्लास्टिकच्या बॉसमध्ये, म्हणजे स्क्रूसाठी डब्यात दिलेल्या पोकळ खांबात, बसणारा सेल्फ-टॅपिंग (आपला आटा स्वतःच पाडणारा) स्क्रू घ्या. भोक थोडे मोठे आले की स्क्रू पकडत नाही. मोल्डर, म्हणजे डबा बनवणारा सप्लायर, म्हणतो तुमचा स्क्रूड्रायव्हर जास्त टॉर्कवर (आवळायच्या जोरावर) आहे, तुम्ही म्हणता भोक मोठे आहे, आणि तोवर त्याच लॉटचे हजारो डबे स्टोअरला पडलेले असतात. असेंब्ली मोल्डिंग मशीनशेजारीच असेल तर हा दोष त्याच पाळीत सापडतो आणि वाद घालायला समोर कोणी नसते. (रिवर्कमध्ये स्क्रू आधी उलटा फिरवून जुन्या आट्यात ‘टक’ बसू द्यायचा, मग आवळायचा, नाहीतर तो नवा आटा कापतो आणि बॉस कायमचा जातो. सप्लायरच्या माणसांना हे माहीत आहे का, हे विचारून बघा. उत्तरावरून बरेच कळते.)

याची दुसरी बाजूही आहे. स्वतःचाच खराब पार्ट सप्लायर दाबून बसवू शकतो. म्हणून शेवटची फंक्शन टेस्ट तुमच्या जिगवर (नग बसवून तपासायच्या चौकटीवर), तुमच्या मर्यादांवर व्हावी आणि प्रत्येक निकाल सिरियल नंबरसकट नोंदला जावा. जिग तुमच्या मालकीचा हवा. साचाही तुमचा असेल तर तसे लेखी असू द्या, नाहीतर सप्लायर बदलायची वेळ आली की सगळेच अडकून पडते.

बाकीचे पार्ट कोण विकत घेणार, हा कळीचा प्रश्न. समजा मालाची किंमत 100 आहे, त्यात बाहेरून येणारे पार्ट 60 चे. सप्लायरने त्यावर 10 टक्के लावले तर 6 वाढले. तुमची असेंब्लीची मजुरी 5 असेल तर ती शून्य होऊनही तुम्ही तोट्यात. उलट तुम्ही माल फ्री इश्यू दिला, म्हणजे स्वतः विकत घेऊन त्याला बिनपैशाने पुरवला, तर खरेदी, साठा आणि तुटवड्याची डोकेदुखी तुमच्याकडेच राहते. मधला मार्ग बहुधा बरा: महाग पार्ट, म्हणजे डिस्प्ले, सर्किट बोर्ड, मोटर, तुम्ही द्या, स्क्रू, केबल टाय, लेबल, खोके त्याने घ्यावे. फ्री इश्यू मालाची तूट किती चालेल ते पार्टनिहाय आधीच ठरवा आणि त्यावरच्या नुकसानीची भरपाई लिहून घ्या. दर महिन्याला साठा मोजून जुळवा.

कोटेशन एका आकड्यात घेऊ नका. मिनिटे, मिनिटाचा दर, माल, मालावरची टक्केवारी, पॅकिंग, रिजेक्शनची तरतूद, जिगचा खर्च या ओळी वेगळ्या मागा. त्याची मिनिटे तुमच्या निम्म्याने असतील तर तो हुशार नाही, बहुधा त्याने तपासणी धरलेली नाही.

डिझाइन अजून महिन्या-महिन्याला बदलत असेल, प्रकार खूप आणि लॉट छोटे असतील, किंवा कॅलिब्रेशनला (नगाचे माप अचूक जुळवायला) अनुभवी हात लागत असेल, तर असेंब्ली घरीच ठेवा. फर्मवेअर, म्हणजे बोर्डात भरायचा प्रोग्राम, सांभाळायचे असेल तर बोर्ड तुमच्याकडेच प्रोग्राम करून पाठवा.

चाचणी दोन टप्प्यांत घ्या. आधी 50 नग, तुमचा माणूस तिथे उभा राहून, मंजूर नमुना आणि ड्रॉइंगची चालू रिव्हिजन समोर ठेवून. मग 300 नग, तुमचा माणूस नसताना, त्यातला काही भाग रात्रपाळीत. दुसऱ्या लॉटमधले 20 नग उघडून टॉर्क, वायरची वाट आणि चुकलेले वॉशर बघा. हा लॉट पास होऊन तीन नियमित डिस्पॅच वेळेवर येईपर्यंत तुमची लाइन मोडू नका, आणि तयार मालाचा तीन आठवड्यांचा साठा हाताशी ठेवा.