अंगणाची फुगलेली भिंत: माझा अनुभव

रत्नागिरीजवळच्या आमच्या घरामागील अंगणाला आधार देणारी साडेतीन फूट उंचीची काँक्रीट ब्लॉकची भिंत दुसऱ्याच जुलैत मधोमध चार बोटे पुढे फुगली. गवंड्याने सिमेंटला दोष दिला. परंतु भिंत उतरवली तेव्हा मागची लाल माती लोण्यासारखी झाली होती आणि साचलेल्या पाण्याला बाहेर पडायला एकही छिद्र नव्हते. शेजारचा बिनसिमेंटचा गडगा, ज्याच्या फटींतून पाणी आपसूक झिरपते, मात्र तसाच उभा होता.

नव्याने बांधताना पाया कठीण जांभ्यापर्यंत नेला, तळाच्या काँक्रीटमध्येच १० मिमीच्या उभ्या सळ्या रोवल्या आणि त्या आठ इंची पोकळ ब्लॉकांतून वर घेऊन पोकळ्या काँक्रीटने भरल्या. सर्वांत तळाच्या थरात दर पाच फुटांवर तीन इंची पीव्हीसी नळी बाहेरच्या बाजूला किंचित उतार देऊन बसवली. भिंतीमागे फूटभर रुंद खडी भरली आणि माती खडीत शिरू नये म्हणून मध्ये जिओटेक्स्टाईल कापड घातले, ज्याला गवंडी शेवटपर्यंत ‘गोधडी’च म्हणत राहिला. यंदाच्या पहिल्या मोठ्या सरीनंतर नळ्यांतून आधी गढूळ, मग नितळ पाणी आले. ओळंबा लावून पाहिला, भिंत जागची हललेली नाही.