रेझिन ढवळण्याआधी टेबलावर काय हवं

वरमाळेची फुलं रेझिनमध्ये, म्हणजे घट्ट होऊन काचेसारखं होणाऱ्या द्रवात, बसवायला घेतली की सगळं लक्ष फुलांवर असतं आणि थेंब पडतो तो मांडीवर. त्या वेळी डाग विरघळवणाऱ्या ॲसिटोनची बाटली कुठल्या कपाटात आहे ते शोधत बसलात, तर कपडा गेलाच म्हणून समजा. रेझिनमध्ये हार्डनर, म्हणजे त्याला घट्ट करणारा दुसरा द्रव, पडला की साधारण अर्ध्या तासात मिश्रण कपातच जाड व्हायला लागतं, मे महिन्यात त्याहूनही लवकर. कपड्यावरचा पातळ थर जरा उशिरा धरतो, पण ओला आहे तोवरच तो निघतो.

म्हणून अंगावर टाकाऊ सुती गाऊन, वर ॲप्रन. नायट्राइलचे हातमोजे दोन जोड घ्या. काम करताना घातलेले चिकट झालेले असतात, त्यांनीच डाग पुसलात तर एकाचे चार होतात. मुदत संपलेलं एखादं एटीएम कार्ड ठेवा. थेंब पडला की आधी कार्डाच्या कडेने तो उचलून घ्यायचा, चोळायचा अजिबात नाही. जुन्या बनियनच्या भरपूर चिंध्या, त्याही पांढऱ्याच, कारण रंगीत चिंधीचा रंग उतरून डागात डाग पडतो.

मुख्य सामान म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल. सुती कापडाला मी आधी तेच लावते. त्याने नाही भागलं तर ॲसिटोन. पण कुर्त्याचं अस्तर ॲसिटेटचं, म्हणजे रेशमासारख्या चकचकीत कृत्रिम कापडाचं, असेल तर तेच विरघळेल, प्लॅस्टिकची बटणंही खराब होतील. त्यामुळे शिवणीच्या आत एक थेंब टाकून पाहायचंच. भारी साडी असेल तर घरी प्रयोग नकोत. साडी नेसून रेझिन ओतायला बसायचं तरी कशाला?

कपड्याखाली जाड घडी ठेवा, डाग उलट्या बाजूने भिजवा आणि कडेकडून मध्याकडे टिपत या. दर वेळी चिंधीचा नवा कोपरा. चिकटपणा पूर्ण गेल्यावरच साबण आणि गार पाणी. गरम पाणी नको, इस्त्री तर नकोच. उष्णतेने रेझिन आणखी लवकर धरतं. माझ्या निळ्या कुर्त्यावर मी पहिल्यांदा उकळतं पाणी ओतलं होतं. तिथे रुपयाच्या नाण्याएवढा काचेसारखा गोल बसलाय, नखाने वाजवला तर टकटक वाजतो. आता रेझिन करताना तोच घालते.

हाताला लागलं तर ॲसिटोन लावू नका, त्याने ते कातडीत आणखी मुरतं. कोरड्या चिंधीने पुसून साबणाने धुवा. अल्कोहोल आणि ॲसिटोन पटकन पेट घेतात, म्हणून खिडक्या उघड्या, शेगडी आणि देवापुढचा दिवा बंद. ओल्या चिंध्या आणि डाग काढलेला कपडा बाहेर एकेक पसरून वाळू द्या, मगच चिंध्या कचऱ्यात आणि कपडा मशीनमध्ये.